पाचवे बूच : आमच्या मामा तलावाच्या मोजणीच्या नोंदी

13 नोव्हेंबर 2022

आज कामाला आरंभ केला. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या मामा तलावाचा, म्हणजे पूर्वी मालगुजाराकडे असलेल्या तलावाचा, खोलीनिशी नकाशा तयार करायचा, एवढेच या कामाचे स्वरूप आहे. तलाव सलंगापर्यंत, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या सांडव्यापर्यंत, भरला की पाणी सुमारे 14 हेक्टरांवर पसरते; आमच्या भागाच्या मानाने तो मोठाही नाही आणि लहानही नाही. जिल्हा परिषदेच्या यादीत तो आहे, निस्तार पत्रकात त्याच्यावरचे गावाचे हक्क नोंदलेले आहेत, परंतु त्याच्या पोटात काय आहे हे दाखवणारा एकही कागद मला मिळाला नाही. नागपुरात 30 वर्षे दुसऱ्यांच्या जमिनींचे नकाशे काढून निवृत्त झालेल्या माणसाला ही गोष्ट खटकणे साहजिक आहे.

दुसरे कारण घरचे आहे. आमचे आजोबा, ज्यांना आम्ही आबाजी म्हणत असू, या तलावाच्या तुडुमावर होते. तुडुम म्हणजे पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) आतल्या अंगाला बांधलेले पाणी सोडण्याचे दगडी बांधकाम. आमच्या तुडुमाला एकाखाली एक अशी पाच भोके आहेत आणि प्रत्येकात लाकडी बूच बसवलेले असते. पाणी उतरेल तसतसे खालचे बूच काढत जायचे, म्हणजे वरच्या थराचे पाणी पाळीखालच्या नळीतून धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे बांध घातलेल्या शेतांकडे, निघते. कोणते बूच कोणत्या दिवशी काढायचे आणि कोणाच्या बांधीत पाणी आधी जायचे, हे आबाजी ठरवत आणि त्याबद्दल प्रत्येक शेतकरी खळ्यावर त्यांना ठरलेले धान देत असे. ते पाचवे बूच मात्र कधीही काढत नसत. मी लहानपणी एकदा विचारले होते, तेव्हा त्यांनी उत्तर न देता मला काठावर उभे केले आणि स्वतः पाण्यात उतरून ते घट्ट आहे की नाही हे पायाने चाचपून पाहिले होते. घरात सगळ्यांचा समज असा की खाली काही दैवत असावे.

20 नोव्हेंबर 2022

साधने जमवण्यात आठवडा गेला. ओळखीच्या एका सर्वेक्षकाकडून लेव्हल यंत्र आणि पट्टी महिन्यासाठी मागून आणली. तुडुमाच्या वरच्या दगडावर लाल रंगाने आधारखूण केली आणि चौथ्या भोकाचा उंबरठा हे सर्व मोजमापांचे शून्य मानले, कारण भातकापणीपर्यंत पाणी तेथवर उतरते आणि नंतर कोणी बूच काढत नाही.

खोली मोजण्यात खरी अडचण गाळाची आहे. दोराला दगड बांधून सोडला तर तो मऊ गाळात किती रुतला हे कळत नाही, त्यामुळे जे माप मिळते ते ना गाळाच्या वरच्या पातळीचे असते ना मूळ तळाचे. यावर तोडगा म्हणून दोन वेगळी साधने केली. आईचा चुलीवरचा जुना बिडाचा तवा माळ्यावर पडून होता; त्याला तीन भोके पाडून तराजूच्या पारड्यासारख्या तीन दोऱ्या बांधल्या आणि त्या एका खुणा केलेल्या नायलॉनच्या दोराला जोडल्या. तवा आडवा उतरतो आणि गाळावर टेकून राहतो, तेव्हा दोर सैल पडतो आणि गाळाची वरची पातळी मिळते. दुसरे साधन म्हणजे 12 मिलिमीटर जाडीची साडेतीन मीटर लांब सळई. ती गाळातून दाबत न्यायची आणि कठीण लागले की थांबायचे. लोहाराकडून तिच्या टोकाशी एक खाच पाडून घेतली आहे. खाचेत काळी माती आली तर सळई अजून गाळातच आहे, पिवळी चिकणमाती आली तर मूळ तळ गाठला, असा हिशेब.

तवा नेला म्हणून घरातून विरोध होईल असे वाटले होते. झाला नाही, पण तो परत चुलीवर येणार नाही हे मात्र स्पष्ट सांगण्यात आले.

27 नोव्हेंबर 2022

डोंग्यातून मोजणीचा पहिला दिवस वाया गेला. डोंगा धीवर (मासेमार) पाड्यावरच्या काकाजींचा आहे. वय सत्तरीच्या पुढे, तलावावर त्यांच्या तीन पिढ्या गेल्या, आणि आबाजींचा नातू म्हणून ते मला अजूनही ‘बापू’ म्हणतात. मी मोबाइलवरील उपग्रहाच्या स्थानावर भरवसा ठेवून निघालो होतो. त्यात पाच मीटरपर्यंत चूक येते हे मला ठाऊक होते, पण डोंगा वाऱ्याने त्याहून जास्त सरकतो हे ध्यानात आले नाही. दहा वाजेपर्यंत 30 ठिकाणे मोजली आणि घरी येऊन कागदावर मांडली, तेव्हा त्यांतील चार ठिकाणे पाळीच्या पलीकडे रस्त्यावर पडली होती.

काकाजींनी संध्याकाळी येऊन उपाय सांगितला. ते जाळे लावताना करतात तसे काठावरच्या दोन बांबूंमध्ये दोर ताणायचा आणि त्या दोराला धरून डोंगा ओढत न्यायचा, म्हणजे वारा असो वा नसो, रेषा सुटत नाही. पाळ 420 मीटर लांब आहे; तिच्यावर दर 25 मीटरला एक याप्रमाणे 17 रेषा घ्यायच्या आणि प्रत्येक रेषेवर दर 10 मीटरला मोजायचे असे ठरवले. पहाटे सहा ते नऊ वारा पडलेला असतो, तेवढ्याच वेळात पाण्यावरचे काम करायचे.

11 डिसेंबर 2022

मोजणी पूर्ण झाली. एकूण 548 ठिकाणे झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक उघड्या पडलेल्या चिखलावर पायी चालत यंत्राने घेतली आणि उरलेली डोंग्यातून. पाण्याची पातळी रोज थोडी उतरत असल्याने सुरुवातीला आणि शेवटी तुडुमावरची पट्टी वाचून प्रत्येक माप शून्याच्या पातळीवर आणले.

8 जानेवारी 2023

नकाशा कागदावर उतरला आहे आणि माझे दोन समज त्याने मोडले आहेत.

पाळीजवळ सर्वांत जास्त गाळ असेल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सर्वांत जाड थर नाल्याच्या मुखाशी, म्हणजे पाळीपासून सर्वांत दूर आहे. तेथे सळई 60 सेंटिमीटरपर्यंत गाळातून गेली आणि खाचेत रेती आली. विचार केला तर हे सरळ आहे. नाल्याचे पाणी तलावात शिरताच त्याचा वेग मोडतो, जड रेती तेथेच बसते आणि पीठासारखी बारीक काळी माती तेवढी तरंगत पाळीपर्यंत येते. मधल्या उथळ भागात गाळ वीतभरही नाही. पाळीला लागून, तुडुमाच्या समोर, सुमारे अडीच हेक्टरांचा एक खोलगट भाग आहे आणि तेथे सरासरी 45 सेंटिमीटर गाळ आहे. पाळ बांधताना माती येथूनच काढली असणार.

दुसरा समज असा होता की जुन्या लोकांनी तलाव शक्य तितका खोल केला असेल. तसे काहीच दिसत नाही. नाल्याकडून पाळीकडे तळ इतक्या संथपणे उतरत जातो की शंभर पावले चालावे तेव्हा पाणी गुडघ्यावरून मांडीवर येते. या लांबलचक उथळ पट्ट्यातच देवधान उगवते, परसूड वाढते, कमळाची पाने पसरतात आणि पावसाळ्यात बोटरी, डाडक यांसारखे लहान मासे तेथेच अंडी घालतात. खोलगट भाग हा एकूण क्षेत्राचा जेमतेम सहावा हिस्सा आहे.

संपूर्ण तलावाच्या गाळाचा हिशेब केला. सरासरी 30 सेंटिमीटर धरली तर 42,000 घनमीटर, म्हणजे जवळजवळ 15,000 ब्रास. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत एक ब्रास माती येते आणि आमच्या गावातून दिवसाला 100 खेपांपेक्षा जास्त होणे शक्य नाही. उन्हाळ्यात तलाव कोरडा असतो ते दिवस पाहता हे काम तीन-चार उन्हाळ्यांचे होईल. ‘एकदाचा सगळा तलाव उपसून टाकू’ असे चावडीवर जे म्हटले जाते, त्याचा आकडा हा आहे.

9 जानेवारी 2023

काल एक गोष्ट लिहायची राहिली. नकाशात पूर्वेच्या उथळ पट्ट्यात एक आयताकृती खड्डा उमटला आहे, अडीच मीटर खोल आणि भिंती सरळ उभ्या. काही वर्षांपूर्वी यंत्राने माती काढून नेली तेव्हाचा तो आहे. कोणी नेली आणि कोणाच्या परवानगीने, याची चर्चा गावात पुष्कळ झाली आहे, ती येथे नको. त्या खड्ड्यात आजही एक रोप नाही. काठावर सरकलेले ढोर वर चढू शकत नाही. काकाजी तेथे जाळे टाकत नाहीत. सभोवतीच्या ओल्या कडेवर तेवढी बेशरम माजली आहे.

31 जानेवारी 2023

दोन महिन्यांची पट्टीची वाचने तपासली. सर्व बुचे बंद, आवक शून्य आणि पाऊस नाही, अशा स्थितीत पाणी दिवसाला सरासरी 4 मिलिमीटर उतरते आहे. बाष्पीभवन आणि झिरप यांची ही बेरीज आहे. दोन्ही वेगळी करण्याचे साधन माझ्याकडे नाही आणि या कामासाठी तशी गरजही नाही.

30 एप्रिल 2023

मार्च आणि एप्रिलमध्ये उतार दिवसाला साडेआठ मिलिमीटरवर गेला आहे. थंडीच्या दुप्पट. अडई बदकांचा थवा खोलगट भागाच्या मध्यावर एकवटला आहे आणि गावातली ढोरे आता चिखल तुडवत आत जातात.

26 मे 2023

परवा, 24 तारखेला, तुडुमासमोरचा भाग उघडा पडला. भेगा पडायला अजून वेळ आहे, पण पाणी म्हणता येईल असे काही उरलेले नाही. काकाजींच्या सांगण्याप्रमाणे गेली सात-आठ वर्षे असेच होते आहे. त्यापूर्वी मृगाचा पाऊस येईपर्यंत मध्यभागी पाणी राहत असे आणि मरळ, शिंगूर त्यात तग धरून राहत.

आज दुपारी आकडे एकाखाली एक लिहिले आणि आबाजींचे पाचवे बूच मला प्रथमच समजले. चौथ्या भोकापर्यंत पाणी उतरले की खोलगट भागात गाळावर 120 सेंटिमीटर पाणी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे 120 दिवस रोज 4 मिलिमीटर, म्हणजे 48 सेंटिमीटर गेले, 72 उरले. मार्चपासून रोज साडेआठ मिलिमीटर धरले तर ते 85 दिवसांत, म्हणजे 24 मेच्या आसपास संपते. आता यातून 45 सेंटिमीटरचा गाळ वजा करून मूळ तळापासून मोजले तर सुरुवातीचे पाणी 165 सेंटिमीटर होते आणि 1 जूनला त्यातले टोंगळ्याच्या (गुडघ्याच्या) खाली येईल एवढे, 39 सेंटिमीटर पाणी शिल्लक राहते.

आमच्या तुडुमाची वरची चार भोके एकेका हाताच्या अंतरावर आहेत. चौथे आणि पाचवे यांच्यात मात्र त्याहून कितीतरी जास्त अंतर आहे. ज्याने हा तुडुम बांधला त्याने उन्हाळा मोजला होता. धानाला द्यायचे पाणी वरच्या चार भोकांत बसवले आणि खालचे पाणी उन्हाला व जित्राबांना राखून ठेवले. मग पाचवे भोक ठेवलेच कशाला, असा प्रश्न राहतो. मला वाटते, पाळ किंवा तुडुम दुरुस्त करण्याची वेळ आली तर तलाव रिकामा करता यावा म्हणून.

काकाजींना हे सगळे उत्साहाने ऐकवले. ते शांतपणे म्हणाले, “बापू, त्यात मोजाचं काय हाय जी? चार बुचं कास्तकाराची, पाचवं आमचं. तुमच्या आबाजीनं आमच्या वाट्याला कधी हात लावला नाही.”

25 जून 2023

पाऊस उशिरा आला. पऱ्हे (धानाची रोपे) टाकण्याची सगळ्यांची घाई सुरू आहे. तलावाचे काम पावसाळाभर बंद.

2 ऑक्टोबर 2023

जुन्या कागदांसाठी तहसीलला दोन फेऱ्या झाल्या. आमच्याकडील बहुतेक तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले आणि जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन द्यावी असे चांद्याच्या गोंड राजांचे धोरण होते, ही परंपरेने चालत आलेली माहिती आहे. पुढे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, आली. मध्य प्रदेशाच्या 1950 च्या कायद्याने ती संपली आणि 31 मार्च 1951 रोजी तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांतूनच ‘मामा तलाव’ हे नाव रूढ झाले. पूर्व विदर्भात असे सुमारे 7,000 तलाव आहेत. ज्यांच्याखाली 100 हेक्टरांपेक्षा कमी सिंचन आहे ते जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे.

या बदलात तुडुमावरच्या माणसाचे काय झाले, हे कोणत्याही कागदात नाही. आबाजींना मालगुजाराने नेमले होते, सरकारने काढले नाही आणि ठेवलेही नाही. ते 1984 पर्यंत बुचे काढत राहिले, कारण लोक त्यांना बोलवायला येत राहिले. त्यांच्यानंतर ज्याची बांधी सुकत असेल तो स्वतः उतरून बूच काढू लागला, एवढाच त्या पदाचा शेवट. तरीही पाचव्याला कोणी हात लावला नाही. ते कोणी ठरवले नव्हते; बहुधा सर्वांना ते घट्ट बसले आहे एवढेच माहीत होते.

26 जानेवारी 2024

ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावला. माझे म्हणणे असे मांडले : नाल्याच्या मुखाला आणि उथळ पट्ट्याला यंत्राने हात लावू नये; फक्त तुडुमासमोरचे अडीच हेक्टर, तेही 45 सेंटिमीटरच, मूळ पिवळ्या मातीपर्यंत खरडावे आणि कडांना उतार ठेवावा. हे सुमारे 4,000 ब्रास होतात. रोज 100 खेपा झाल्या तर 40 दिवस.

सर्वांत मोठा विरोध अपेक्षेप्रमाणे ‘खोल का नाही’ असा होता. एवढे यंत्र आणायचे आणि टीचभर माती काढायची, हे बऱ्याच जणांना पटेना. मला नकाशापेक्षा पूर्वेच्या खड्ड्याचा उपयोग जास्त झाला. तो सर्वांनी पाहिलेला आहे आणि त्यात कोणाचे ना कोणाचे ढोर अडकलेले आहे.

दुसरी अडचण अधिक नाजूक निघाली. तलाव मेअखेरीस सुकेपर्यंत थांबले तर पावसाआधी जेमतेम तीन आठवडे मिळतात. चाळीस दिवस हवे असतील तर मार्चमध्येच पाणी काढून टाकावे लागेल, म्हणजे पाचवे बूच उघडावे लागेल. माझ्याच हिशेबाने जे पाणी मासेमारांचे ठरले होते, तेच सोडून द्या असे मला मासेमार संस्थेच्या सभासदांसमोर सांगावे लागले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग पाड्यावरच्या एका बाईंनी विचारले की मोठी मरळ कुठे ठेवणार. चर्चा तेथून पुढे सरकली. पाळीखालच्या बोडीत (लहान तळ्यात) हे पाणी वळवायचे, अंड्यावर येणारे मासे तेथे नेऊन सोडायचे, त्या वर्षाचा ठेका माफ करावा म्हणून ग्रामपंचायतीने शिफारस करायची आणि रोहू-कटल्याच्या बीजासोबत गवत्या मासा तलावात सोडायचा नाही, असे ठरले. ही शेवटची अट त्याच बाईंची होती. गवत्या मासा पाण्यातला चिला (एक पाणवनस्पती) खाऊन संपवतो आणि चिला गेला की लहान माशांना लपायला जागा उरत नाही, हे त्यांनी मला नंतर समजावून सांगितले.

5 मार्च 2024

पाचवे बूच आज निघाले.

सकाळी सात वाजता काकाजींचा मुलगा पाण्यात उतरला. तुडुमाशी पाणी त्याच्या छातीपर्यंत होते आणि बूच त्याच्या पोटऱ्यांपाशी, त्यामुळे दर वेळी बुडी मारूनच हात घालावा लागत होता. पहिल्या चार-पाच बुड्यांत त्याने भोकाभोवतीचा गाळ हातांनी ओढून काढला. मग पहार लावून पाहिली, तर दगडाची कड ढासळेल अशी भीती वाटू लागली. शेवटी काकाजी स्वतः काठावरून म्हणाले की ओढू नका, फिरवा. बुचाच्या डोक्यात आडवे भोक होते, ते गाळाने भरलेले असल्यामुळे आधी हाताला लागले नव्हते. त्यात सळई घालून, माझी तळ मोजायची तीच सळई, दोघांनी मिळून बूच पाव वळसा फिरवले आणि ते जागेवरून सुटले. पाळीच्या बाहेर नळीच्या तोंडाशी आम्ही कान देऊन उभे होतो. आधी वारा बाहेर आल्यासारखा आवाज झाला, मग काळे पाणी आले, आणि पाच-सात मिनिटांनी ते निवळले.

बूच सागाचे आहे, फूटभर लांब, एका टोकाला निमुळते. इतकी वर्षे पाण्याखाली आणि गाळात राहूनही लाकूड कोठे कुजलेले नाही. हवा न लागल्यामुळे ते टिकले असावे. त्याच्या निमुळत्या भागावर ताग घट्ट गुंडाळलेला होता आणि त्याच्या आत निळ्या किनारीच्या धोतराची एक पट्टी होती. मी ती पट्टी ठेवून घेतली आहे.

14 एप्रिल 2024

काम 8 तारखेला सुरू झाले. आचारसंहिता लागण्याआधी कामाचा आदेश निघाला होता, हे नशीब. यंत्राचे भाडे लोकवर्गणी आणि ग्रामपंचायत मिळून देत आहेत, माती नेणाऱ्याने आपला ट्रॅक्टर आणायचा. काळ्या गाळाला मागणी चांगली आहे. हलक्या बांध्या असलेले शेतकरी पहाटेपासून रांग लावतात. मी रोज सकाळी खुंट्यांची पातळी तपासतो आणि यंत्रचालकाला खाचेतली माती दाखवतो : काळी असेल तर खाली, पिवळी दिसली की थांब.

20 एप्रिल 2024

काल मतदानामुळे यंत्र बंद होते. आज 87 खेपा.

2 जून 2024

काम थांबवले. एकूण 3,640 ब्रास माती निघाली. ठरल्यापेक्षा थोडी कमी आहे, पण आभाळ भरून येऊ लागले होते.

एक चूक झाली आहे आणि ती माझी आहे. 21 मे रोजी रात्री ढोरांनी पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या तीन खुंट्या पाडल्या. उन्हाचा कंटाळा करून मी यंत्र न लावता बाजूच्या खुंटीवरून अंदाजाने त्या पुन्हा ठोकल्या. तिसऱ्या दिवशी यंत्राच्या बादलीत पिवळ्या मातीनंतर तांबूस मुरूम आला, तेव्हा लक्षात आले की तेथे 30 सेंटिमीटर जास्त खणले गेले आहे. पिवळ्या चिकणमातीचा थर पाणी धरून ठेवतो, मुरूम ते सोडतो. साधारण अडीच गुंठ्यांत हा थर फुटला आहे. चिकणमाती आणून पाण्यासोबत तुडवून भरली, वर रोलर फिरवला, पण जुन्या थरासारखी बसली असेल असे मी म्हणणार नाही.

16 जून 2024

नवीन बूच बसवले. गावच्या सुताराने जुन्याच मापाचे सागवानी बूच केले. ताग बाजारातून आणला. जुने बूच घरी आहे.

22 सप्टेंबर 2024

तलाव भरून पाणी सलंगावरून वाहून गेले. रोवणी वेळेवर झाली, धान गर्भात आहे, दुसरे बूच मागच्या आठवड्यात काढले. पाड्यावरच्या बायांनी जुलैमध्ये पूर्वेच्या खड्ड्याच्या कडा फावड्याने उतरत्या केल्या, बेशरम मुळासकट उपटली आणि परसुडाचे गड्डे लावले; त्यातले निम्मे लागले आहेत. बोडीतले मासे तलावात परत सोडले. पाणकोंबड्या आहेत, अडई अजून आलेली नाही.

3 नोव्हेंबर 2024

चौथे बूच बंद केले. धान निसवल्यानंतरचे शेवटचे पाणी देऊन झाले आहे. तव्याने मोजता खोलगट भागात सरासरी 160 सेंटिमीटर पाणी मिळाले. मूळ तळापेक्षा 5 सेंटिमीटर कमी आहे, कारण थोडा गाळ राहिला आणि थोडा याच पावसाळ्यात आला.

2 मार्च 2025

थंडीतला उतार दिवसाला 5 मिलिमीटर आहे, पूर्वी 4 होता. हा जादाचा मिलिमीटर पश्चिमेच्या कोपऱ्यातून जात असणार. त्या कोपऱ्याच्या बाहेर, पाळीच्या पायथ्याशी, पूर्वी कधी नसे तेथे ओल दिसते. पाळीला धोका नाही, पण ओलीच्या जागी खुंटी ठोकून तिची कड दर आठवड्याला नोंदवायला घेतली आहे.

30 एप्रिल 2025

पट्टीवरून खोली 44 सेंटिमीटर. गाळ काढला नसता तर आज 20 असती. जादाची झिरप नसती तर आजचा आकडा 60 च्या आसपास असता, हेही लिहून ठेवतो. याच गतीने 1 जूनला 15 ते 16 सेंटिमीटर उरावे. घोट्याच्या थोडे वर येईल एवढे ते पाणी असेल. 39 सेंटिमीटरांपासून फार दूर, पण शून्य नव्हे.

काकाजी म्हणाले की एवढ्यात मरळ जगते, शिंगूर तर चिखलातही जगतो.

27 मे 2025

या महिन्यात राज्यभर पडतो आहे तसा अवकाळी पाऊस आमच्याकडेही झाला आणि पट्टीवरचा आकडा उतरण्याऐवजी चढला. 1 जूनची परीक्षा यंदा होणार नाही. ओलाव्याची कडही पावसाने पुसली. पश्चिमेचा कोपरा पुढच्या मार्चमध्ये पुन्हा उघडा पडेल, तेव्हा चिकणमातीचा दुसरा थर द्यायचा आहे. त्यासाठी 30 ब्रास पिवळी माती कोठून आणायची हे पाहून ठेवले पाहिजे, आणि तोपर्यंत त्या तीन खुंट्यांच्या पातळ्या यंत्र लावून नोंदवायच्या आहेत.